मॅन फ्लू: एका विनोदाचं वाचन

ते रील तुम्ही पाहिलेलं आहे. नवरा पांघरुणात, कपाळावर ओला रुमाल, आवाज असा की आता मृत्युपत्रच सांगायला घेईल. थर्मामीटर ९९ दाखवतोय. मागे ओट्याशी बायको, तिलाही तीच सर्दी, नाक पुसत पुसत डबे भरतेय. या रीलचे मराठी, हिंदी, तमिळ, इंग्रजी असे सगळे अवतार आहेत आणि प्रत्येकाखाली बायकांनी आपापल्या नवऱ्याला टॅग केलेलं असतं. इंग्रजीत या दुखण्याला नावच आहे: मॅन फ्लू.

डिसेंबर २०१७मध्ये या दुखण्यावर ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. लेखक काइल स्यू, कॅनडातल्या मेमोरियल विद्यापीठातले फॅमिली मेडिसिनचे डॉक्टर. आजारी पडलं की ‘उगाच नाटक करतोस’ हे ऐकून कंटाळलो, म्हणून पुरावा शोधायला निघालो, अशी लेखाची सुरुवात आहे. आणि शेवटी शिफारस अशी की पुरुषांना या भीषण आजारातून सावरता यावं म्हणून मोठ्ठे टीव्ही आणि रेलून बसायच्या खुर्च्या असलेल्या खास जागा उभारायला हव्यात. तो अंक नाताळचा होता. ‘बीएमजे’ नाताळ अंकात अशी थट्टा दरवर्षी करतं, फक्त ती करताना संशोधन लेखाचा पोशाख उतरवत नाही. संदर्भ खरे असतात, आकडे खरे असतात आणि चेहरा गंभीर असतो.

विनोद म्हणून लेख चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. पण बातमी जगभर गेली तेव्हा डोळा मिचकावणं वाटेत गळून पडलं आणि ‘पुरुषांचा फ्लू खराच जास्त वाईट असतो, शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढंच उरलं. ‘बीएमजे’च्या बाबतीत हे पहिल्यांदा झालं नव्हतं. २००१च्या नाताळ अंकात लेनर्ड लायबोविची यांनी वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या रुग्णांसाठी आज प्रार्थना केली तर फायदा होतो, असं ‘सिद्ध’ केलं होतं, आणि पुढे तो लेख लोकांनी खरोखरच्या आढाव्यांत मोजला. त्यामुळे स्यूंचा लेख मला नुसता विनोद म्हणून सोडता येत नाही. लिंग, हॉर्मोन आणि श्वसनाचे विषाणू यांच्याबद्दल बहुतेकांच्या डोक्यात जी गोष्ट आहे, तिचा हा सगळ्यात जास्त वाचला गेलेला मसुदा असावा.

ती गोष्ट अशी. इस्ट्रोजेन प्रतिकारशक्ती वाढवतं, टेस्टोस्टेरॉन ती दाबतं. म्हणून फ्लू झाला की बाई लवकर उठते आणि पुरुष आडवा होतो. आधाराला हाँगकाँगमधल्या २००४ ते २०१० या काळातल्या नोंदी (पुरुष जास्त प्रमाणात रुग्णालयात भरती झाले), अमेरिकेतल्या १९९७ ते २००७मधल्या मृत्यूंचा अभ्यास (पुरुष जास्त मेले), काही लशींचे अभ्यास, काही पेशींवरचे प्रयोग आणि उंदीर. धूम्रपान किंवा डॉक्टरकडे जायची टाळाटाळ यांचा हिशोब या अभ्यासांत नीट झालेला नाही, हे स्यू स्वतःच नोंदवतात. मग मोठा टीव्ही येतो आणि आपण हसतो.

हसू येतं कारण पात्रं आपल्याला आधीपासून माहीत आहेत. इस्ट्रोजेन म्हणजे घरातली सांभाळून घेणारी आई. टेस्टोस्टेरॉन म्हणजे तोऱ्यात फिरणारा आणि पहिल्या शिंकेला कोसळणारा हिरो. रीलमधलीच माणसं रेणूंच्या वेशात आलीत. माझी तक्रार इथे सुरू होते. या विषयावरचं खरं संशोधन वाचायला घेतलं की ही दोन्ही पात्रं दहा मिनिटंही आपल्या भूमिकेत टिकत नाहीत.

उंदरांपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॅब्रा क्लाइन यांची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं हेच काम करते. त्यांच्या उंदरांना इन्फ्लुएन्झाची लागण केली की जास्त आजारी पडतात, जास्त मरतात त्या माद्या. हो, माद्या. २०११मध्ये त्यांनी दाखवलं की बीजकोश आणि वृषणं काढून टाकली की नर-मादीतला हा फरक नाहीसा होतो, म्हणजे हॉर्मोनांचा हात नक्की आहे. पुढे, बीजकोश काढलेल्या माद्यांना बाहेरून इस्ट्रोजेन दिलं आणि त्याची पातळी सतत वरची ठेवली, तर त्या वाचतात. वाचतात कशाने? विषाणूवर जास्त जोरात तुटून पडल्यामुळे नाही. फुप्फुसातला दाह आटोक्यात राहिल्यामुळे.

हा मुद्दा समजला की विषयाचं निम्मं कोडं सुटतं. श्वसनाच्या विषाणूशी लढताना शरीराला दोन कामं करायची असतात. एक, विषाणूची वाढ थांबवणं. दोन, ते करताना फुप्फुसाचं नुकसान होऊ न देणं. फ्लूने गंभीर झालेल्या माणसाला अनेकदा विषाणूपेक्षा स्वतःच्या प्रतिकाराचाच मारा जास्त महागात पडतो. ढेकूण मारायला घर पेटवून दिल्यासारखं. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढली’ हे वाक्य ऐकायला छान असलं तरी अर्धवट आहे. कधी वाढली, कुठे वाढली आणि वेळेवर थांबली का, हे कळल्याशिवाय ती बातमी चांगली की वाईट हे सांगता येत नाही. (काढ्याच्या जाहिरातींना हे कुणीतरी सांगायला हवं, पण तो वेगळा लेख.)

आता खलनायकाकडे. २०१६मध्ये त्याच गटाने तरुण नर उंदरांची वृषणं काढली, म्हणजे टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपवलं, आणि फ्लू दिला. गोष्टीप्रमाणे त्यांना बरं वाटायला हवं होतं. ते जास्त आजारी पडले. टेस्टोस्टेरॉन परत दिलं की आजार हलका झाला. म्हाताऱ्या नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन आधीच घटलेलं असतं. त्यांना ते बाहेरून दिल्यावर जास्त उंदीर जगले, आणि तेही शरीरातून विषाणू लवकर न जाता. म्हणजे प्रतिकार दाबणारं म्हणून बदनाम असलेलं हॉर्मोन इथे दाबण्याच्या गुणामुळेच कामाला आलं असावं. प्रोजेस्टेरॉनची तर वेगळीच तऱ्हा: मादी उंदरांमध्ये ते फुप्फुसाच्या फाटलेल्या अस्तराची डागडुजी लवकर करायला मदत करतं.

आणि विषाणू बदलला की पटच बदलतो. अमेरिकेतल्याच आयोवा विद्यापीठात २०१७मध्ये २००३च्या सार्सचा विषाणू उंदरांना दिला गेला. इथे नर जास्त मेले. पण वृषणं काढून त्यांना काही फरक पडला नाही. माद्यांचे बीजकोश काढले किंवा इस्ट्रोजेनचा मार्ग औषधाने अडवला, तेव्हा मात्र माद्या मरू लागल्या. एकाच प्राण्यात दोन विषाणू आणि दोन उलट निकाल. माणसाच्या नाकातल्या पेशींवर २०१६मध्ये झालेला एक प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बायकांच्या नाकातून घेतलेल्या पेशींना इस्ट्रोजेन दिल्यावर फ्लूच्या विषाणूची वाढ मंदावली. पुरुषांच्या पेशींना तेच इस्ट्रोजेन दिलं, तर काहीच झालं नाही. हॉर्मोन म्हणजे चिठ्ठी आहे असं धरा. ती कोणत्या पेशीच्या हाती पडते आणि ती पेशी तिचं काय करते, यावर पुढचं सगळं ठरतं.

उंदीर सोडून माणसांकडे आलं की लशीचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. २००४च्या हिवाळ्यात अमेरिकेत फ्लूच्या लशीचा तुटवडा पडला, तेव्हा अर्ध्या डोसने भागेल का हे तपासलं गेलं. २००८मध्ये छापून आलेल्या निकालात एक गोष्ट स्वच्छ दिसत होती: अर्धा डोस घेतलेल्या बायकांच्या अँटीबॉडीज पूर्ण डोस घेतलेल्या पुरुषांच्या बरोबरीला येत होत्या. लशीनंतर दंड दुखणं, कणकण येणं याही तक्रारी बायका जास्त करतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरी फ्लूच्या लशीचा डोस आजही वयानुसार बदलतो, लिंगानुसार नाही. ज्या बाईने लशीनंतर दोन दिवस अंग दुखतंय म्हटल्यावर ‘सगळ्यांनाच होतं, सहन कर’ हे ऐकलं, तिच्यासाठी या अभ्यासात मॅन फ्लूच्या लेखापेक्षा जास्त माल आहे. स्यू लशींचा उल्लेख करतात, पण तो पुरुषाच्या बिचारेपणाचा पुरावा म्हणून. तोच आकडा बाईच्या बाजूने वाचला तर प्रश्न वेगळा होतो: तिला दुप्पट डोस कशासाठी देताय?

२०१४च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासाचंही असंच झालं. ५३ बायका आणि ३४ पुरुषांना फ्लूची लस दिली. ज्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं, त्यांच्या अँटीबॉडीज सगळ्यात कमी वाढल्या, आणि त्याचा संबंध चरबीच्या चयापचयाशी निगडित जनुकांच्या एका गटाशी दिसला. बातम्यांनी ‘मर्दानी पुरुषांची प्रतिकारशक्ती दुबळी’ असं सांगितलं. मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: कमी टेस्टोस्टेरॉनचे पुरुष बायकांच्या जवळपास प्रतिसाद देत होते. म्हणजे फरकाची रेघ बाई आणि पुरुष यांच्या मधून जात नव्हती, ती पुरुषांच्याच घोळक्यातून जात होती. रीलमध्ये हे दाखवायचं तर दोन नवरे लागतील.

हॉर्मोनांच्या बरोबरीने गुणसूत्रंही आहेत, आणि त्यांच्यावर शॅरन मोअलेम यांचं ‘द बेटर हाफ’ हे २०२०मधलं पुस्तक आहे. उपशीर्षकातच बायकांच्या जनुकीय श्रेष्ठत्वाची घोषणा आहे. त्यांचा भर दोन एक्स गुणसूत्रांवर आहे. विषाणूची चाहूल घेणारा टीएलआर-७ नावाचा जनुक एक्सवर असतो. त्यात बिघाड असलेले नेदरलँड्समधले चार तरुण पुरुष २०२०मध्ये कोविडने गंभीर झाले होते. बाईकडे त्या जनुकाची दुसरी प्रत असते. मोअलेम लिहितात रसाळ, आणि याची किंमत म्हणून बायकांना ल्युपससारखे आजार कितीतरी जास्त होतात हेही लपवत नाहीत. पण ‘श्रेष्ठ’ हा शब्द सगळ्या पुस्तकावर डोकं दुखेपर्यंत घणघणत राहतो. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात. त्यांतल्या एकीला जाऊन सांगा की तुझी प्रतिकारशक्ती श्रेष्ठ आहे. कौतुकाच्या या तऱ्हेशी आपला परिचय जुना आहे. बाई कणखर असते, तिला सहन होतं, असं म्हणून तिच्या हातात डबे द्यायचे. स्यूंचा विनोद आणि मोअलेमांचं कौतुक शेवटी ओट्याशी येऊनच थांबतात.

कोविडने या गोष्टीची परीक्षा घेतली. २०२०च्या सुरुवातीला चीन, इटली, न्यूयॉर्क, सगळीकडून एकच बातमी: पुरुष जास्त मरताहेत. कोरोना विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारं एक प्रथिन टेस्टोस्टेरॉनच्या हुकमावर तयार होतं, हे प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनातून माहीत होतं. इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात, टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं घेणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना लागण कमी होते, असंही दिसलं. मग अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ९६ पुरुषांवर नीट चाचणी झाली. टेस्टोस्टेरॉन पाडणारं औषध दिलं. २०२२मध्ये निकाल आला: काहीही फायदा नाही. त्याआधी २०२१मध्ये असंही दिसलं होतं की गंभीर पुरुष रुग्णांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त नसून कमी होतं. आजाराने ते कमी झालं की कमी असल्याने आजार वाढला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण ‘टेस्टोस्टेरॉनने मारलं’ ही गोष्ट तिथे मिटायला हवी होती.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या विद्यापीठांचा एक वादही याच काळातला. येलमधल्या अकिको इवासाकी यांच्या गटाने ऑगस्ट २०२०मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की कोविडमध्ये बायकांच्या टी-पेशी जास्त जाग्या होतात आणि पुरुषांत दाहाचे काही रेणू जास्त असतात. हार्वर्डच्या सारा रिचर्डसन यांच्या जेंडरसाय लॅबने उत्तर दिलं की त्याच आकड्यांत फरकापेक्षा सारखेपणा जास्त दिसतो. पुढे याच लॅबने अमेरिकेतल्या राज्यांचे आकडे मांडून दाखवलं की पुरुष आणि बायकांच्या मृत्युदरातलं अंतर राज्यागणिक आणि महिन्यागणिक बदलत होतं. राज्याची हद्द ओलांडली म्हणून कुणाची हॉर्मोनं बदलत नाहीत. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. पण रिचर्डसन यांच्या बाजूचं लिखाण सलग वाचलं की उलटा कंटाळाही येतो. शरीराचं नाव काढलं की तिथे लगेच भुवया उंचावतात. अर्ध्या डोसचा निकाल समाजरचनेने समजावता येणार नाही. नोकरी, धूम्रपान, मास्क यांच्यासोबत बीजकोशही टेबलावर राहिला पाहिजे.

हे दोन्ही एकत्र पाहायचं तर कोविडच्या शंभर वर्षं आधीच्या साथीकडे जायला हवं, कारण तिथे आपलाच मुलूख आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेत पुरुष जास्त मेले. अँड्र्यू नॉयमर आणि मिशेल गॅरेन यांनी २०००मध्ये त्यामागे क्षयरोग असावा असं मांडलं. तिकडे क्षय पुरुषांत जास्त होता; आधीच पोखरलेल्या फुप्फुसांना फ्लूने संपवलं. मॅन फ्लूचा सगळ्यात भयानक पुरावा बऱ्याच अंशी क्षयाचा निघाला. आणि त्याच वर्षी, त्याच साथीत, हिंदुस्थानात उलटं झालं. आयन मिल्स यांनी १९८६मध्ये मुंबई इलाख्याच्या नोंदींवरून लिहिलेल्या निबंधात दिसतं की इथे बायका जास्त मेल्या, आणि तरुण वयातल्या. इस्ट्रोजेन फिलाडेल्फियात आणि मुंबईत एकच होतं. कोंदट खोल्या, अर्धपोटी शरीरं आणि घरात पडलेल्या प्रत्येकाच्या उशाशी बसणारी तीच एक बाई, अशी कारणं यावर सांगितली जातात. पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं, आणि घरात शेवटी कोण जेवतं हे वेगळं सांगायला नको. रीलमधली डबे भरणारी बाई १९१८मध्येही होती. तिच्यावर विनोद नव्हता, एवढंच.

२०२०च्या मेपर्यंतच्या भारतातल्या आकड्यांतही तिची सावली आहे. कोविडच्या नोंदलेल्या रुग्णांत ६६ टक्के पुरुष, पण लागण झालेल्यांपैकी मरणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत २.९ आणि बायकांत ३.३ टक्के. टेस्ट कुणाची झाली, कुणाला कधी दवाखान्यात नेलं, हे सगळं त्या दोन आकड्यांत मिसळलेलं आहे.

एक बाई मात्र या चर्चेत सगळ्यात कमी दिसते, आणि हॉर्मोनांबद्दल बोलायचं तर सुरुवात तिच्यापासून व्हायला हवी होती: गरोदर बाई. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तिच्याइतकं कुणाच्याच रक्तात नसतं. गोष्ट खरी असती तर ती सगळ्यात सुरक्षित असती. २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर बायका सुमारे १ टक्का होत्या आणि मृतांमध्ये सुमारे ५ टक्के. फुगलेल्या गर्भाशयाने फुप्फुसाला जागा कमी पडते, हृदयावर ताण असतो, आणि पोटातल्या अर्ध्या परक्या जिवाला सांभाळायला प्रतिकारशक्तीने आपली मांडणीच बदललेली असते.

तरीही २०२०च्या वसंतात लॉस एंजेलिसमध्ये कोविडच्या पुरुष रुग्णांना प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं देण्याची चाचणी सुरू झाली, तेव्हा त्यामागे एक निरीक्षण हे होतं की गरोदर बायकांना कोविड हलका होतोय. चाळीसेक पुरुषांची ती चाचणी छोटी होती, निकाल थोडा आशादायक होता. पण ते निरीक्षण टिकलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या आकड्यांनी दाखवलं की गरोदर बायकांना आयसीयू लागण्याची शक्यता जास्त आहे. तिच्या रक्तातलं हॉर्मोन पुरुषांवर तपासून पाहिलं गेलं. लशीच्या मोठ्या चाचण्यांतून मात्र तिला बाहेर ठेवलं होतं.

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. गरोदर बायकांना परवानगी नव्हती, कारण त्यांच्यावरचा डेटा नव्हता. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतल्या कोविडबाधित गरोदर आणि बाळंत बायकांची नोंदवही ठेवली जात होती, प्रेगकोविड रजिस्ट्री. आयसीएमआरने जून २०२१मध्ये तिचे आकडे सांगितले. पहिल्या लाटेतल्या ११४३ बायकांत मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के होतं. दुसऱ्या लाटेतल्या ३८७ बायकांत ५.७ टक्के. लशीची परवानगी २ जुलैला आली, तेव्हा दुसरी लाट ओसरली होती.